हिरवं पान, तांबडी कड

श्रोतेहो, नमस्कार.

आज सकाळी तुमच्या घरी वांग्याची भाजी झाली असेल, तर चिरलेल्या फोडी तुम्ही लगेच पाण्यात टाकल्या असणार. नाही टाकल्या तर काळ्या पडतात. सुरी लागली की आतल्या पेशी फुटतात, हवा लागते, एक विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला लागतं आणि रंग पालटतो. सफरचंदाचंही तेच. स्वयंपाकघरात आपण हा बदल टाळायला बघतो. पण चीनच्या आग्नेय भागातल्या डोंगरांत काही माणसं हाच बदल मुद्दाम घडवून आणतात. रात्रभर त्याच्या उशाशी जागतात, आणि नेमक्या क्षणी त्याला थांबवतात. त्यातून तयार होतो तो ऊलाँग चहा. आज मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हिरवा चहा, काळा चहा, ऊलाँग ही वेगवेगळी झाडं नव्हेत. झाड एकच. पान खुडल्यावर लवकरच गरम करून त्यातलं विकर मारून टाकलं की हिरवा चहा. पान चुरगाळून तो बदल पुरता होऊ दिला की काळा चहा. आपल्या डब्यातली दाणेदार पूड त्याच घरातली. ऊलाँग या दोघांच्या मधला, आणि ही मधली जागा भलतीच ऐसपैस आहे. एखादा ऊलाँग हिरव्याच्या अंगाने जातो, एखादा काळ्याच्या. चिनी लोक चहाची सहा कुळं मानतात, त्यांत हे एक स्वतंत्र कूळ. ऊलाँग या शब्दाचा अर्थ काळा ड्रॅगन.

या चहाचं माहेर म्हणजे फुजियान प्रांत. फुजियानच्या दक्षिणेकडच्या बोलीत चहाला ‘ते’ म्हणतात. डच व्यापाऱ्यांनी तो शब्द समुद्रमार्गे युरोपात नेला आणि इंग्रजांचा ‘टी’ त्यातूनच आला. आपला चहा मात्र ‘छा’ या दुसऱ्या चिनी उच्चारावरून आलेला. म्हणजे हॉटेलात आपण ‘टी’ मागवतो तेव्हा नकळत ऊलाँगच्या गावचा शब्द आपल्या तोंडात असतो.

आता ती रात्रीची जागरणं. ऊलाँगसाठी अगदी कोवळा कोंब खुडत नाहीत. पान जरा मोठं होऊ देतात, शेंड्याचं पान उघडलं की खालच्या दोन-तीन पानांसकट खुडतात. कोवळ्या पानाला पुढचा मार सोसत नाही. खुडलेलं पान थोडा वेळ उन्हात पसरतात म्हणजे ते मलूल होतं. मग आत आणून बांबूच्या मोठ्या गोल परड्यांत घालतात आणि हलवतात. सुपात धान्य पाखडताना मनगट कसं फिरतं ते डोळ्यांसमोर आणा. पानं एकमेकांवर घासतात, कडांना मार बसतो, मधला भाग शाबूत राहतो. मग विसावा. तास-दीड तासाने पुन्हा हलवणं, पुन्हा विसावा. असं रात्रभर. हळूहळू कडा तांबूस होत जातात, पोट हिरवंच राहतं. ‘हिरवं पान, तांबडी कड’ ही ऊलाँगची तिकडची जुनी ओळख आहे.

आणि या सगळ्यात वास बदलत असतो. सुरुवातीला नुसता कापलेल्या गवताचा. मग तो कच्चेपणा ओसरतो आणि फुलासारखं काही जाणवायला लागतं. पुढे पिकल्या फळाकडे झुकतं. चहा करणारा परडीत तोंड खुपसून वास घेत राहतो. हवा तो वास आला की पान तापलेल्या कढईत जातं आणि बदल तिथेच थांबतो. घड्याळाचा इथे उपयोग नाही, कारण दमट रात्री पान वेगळं वागतं आणि कोरड्या रात्री वेगळं. तिथले कारागीर म्हणतात, ‘पान बघून पान करा, आभाळ बघून पान करा.’ आपल्याकडे गुऱ्हाळात काकवी नि गूळ यांच्यामधला क्षण ओळखणारा गुळव्या असतो ना, त्याची आठवण येते मला. तोही कढईकडेच बघतो.

फुजियानच्या उत्तरेला वूयी पर्वत आहे. लाल वालुकाश्माचे उभे कडे आणि त्यांच्यामधल्या अरुंद घळी. १९९९ साली युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत घेतला. इथे चहाची झुडपं कपारीत, दगड रचून केलेल्या छोट्या वाफ्यांत वाढतात. ऊन थोडा वेळच येतं, कड्यांवरून पाणी झिरपत असतं. इथल्या चहाला ‘यान छा’ म्हणतात, म्हणजे खडकाचा चहा. ऐन घळींतला चहा वेगळा, पायथ्याचा वेगळा आणि नदीकाठच्या सपाटीवरचा वेगळा, असा भेद तिथे काटेकोर पाळतात. भावातही तो फरक दिसतो.

वूयीचा सगळ्यात नावाजलेला चहा म्हणजे दा होंग पाओ, मोठा लाल झगा. त्याची मूळ सहा झुडपं एका कड्यावर आहेत. २००२ साली त्यांचा अवघा २० ग्रॅम चहा १ लाख ८० हजार युआनला विकला गेला. २००६ पासून त्या झुडपांची खुडणी बंद आहे, आणि शेवटच्या खुडणीतला २० ग्रॅम चहा बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवला आहे. त्यामुळे आज कुणी ‘मूळ झाडाचा दा होंग पाओ’ म्हणून पुडी पुढे केली तर घेऊ नका. बाजारात येतो तो त्या झुडपांच्या कलमांचा, किंवा बहुतेक वेळा वूयीतल्या वेगवेगळ्या जातींचं मिश्रण. मिश्रण म्हणून त्याला हिणवायचं कारण नाही. जाणत्या हाताचं मिश्रण फार सुरेख लागतं.

पण माझं मन वूयीच्या दोन रोजच्या जातींवर आहे. एक रौ ग्वेई. नावाचा अर्थच दालचिनी. घोट घेतला की आधी नाकात तिखटसर मसाल्याची चुणूक येते. दुसरी शुई श्येन, ती शांत आणि जड. तिची जुनी झाडं असतात आणि त्यांच्या चहाला शेवाळलेल्या लाकडाचा वास येतो. श्रावणात जुन्या देवळाच्या लाकडी खांबाजवळ उभं राहिलं की येतो, तसा. दोन्हींत ऊलाँगचे जाणकार ‘यान युन’ शोधतात. यान म्हणजे खडक, युन म्हणजे निनाद. घोट गिळून झाल्यावर घशात रेंगाळणारी ओल्या कातळासारखी एक चव. सह्याद्रीतल्या कातळावरून झिरपणारं पाणी ओंजळीने प्यायलेल्या माणसाला ती लगेच कळेल, असं मला मनापासून वाटतं.

वूयीच्या चहाची भट्टी हा एक स्वतंत्र अध्याय आहे. लाकडी कोळशाचे निखारे पेटवून वर राखेचा थर देतात, म्हणजे धग मंद आणि एकसारखी राहते. आपली आजी रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायची, तसं. त्यावर बांबूच्या टोपलीत चहा तासन्‌तास तापत राहतो. मग काही आठवडे विश्रांती, मग पुन्हा भट्टी. एप्रिल-मेमध्ये खुडलेला चहा प्यायला सिद्ध होईपर्यंत शरद ऋतू उजाडतो. नवा भाजलेला चहा घाईने प्यायलात तर नुसता जाळ लागतो.

फुजियानच्या दक्षिणेला आन्शी तालुका आहे, तिथला ऊलाँग म्हणजे तिएग्वानयिन. तिए म्हणजे लोखंड. आणि ग्वानयिन? ही ग्वानयिन आपल्याला परकी नाही. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात हातात कमळ घेतलेला, पापण्या झुकलेला पद्मपाणी आपण पाहिला आहे. तो अवलोकितेश्वर. हाच बोधिसत्त्व बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये गेला, आणि काही शतकांत तिथे त्याला मातेचं रूप आलं. जगाचा आक्रोश ऐकणारी, ती ग्वानयिन. छत्रपती संभाजीनगरच्या लेण्यांत ७ क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर आठ संकटांतून भक्तांना सोडवतो, त्या शिल्पात बुडणारं जहाजही आहे. आन्शीमध्ये कथा सांगतात की वेई नावाचा एक गरीब शेतकरी ग्वानयिनला रोज चहा वाहायचा. तिने स्वप्नात येऊन त्याला खडकातलं एक रोप दाखवलं. वांग नावाच्या एका विद्वानाचीही दुसरी कथा आहे, आणि दोन्ही घराण्यांचे लोक आपापली कथा खरी मानतात. मला शेतकऱ्याची आवडते.

तिएग्वानयिनचं पान कापडात घट्ट बांधून, दाबून, पुन्हा सोडवून, पुन्हा बांधून गोळीसारखं केलेलं असतं. बशीत टाकलं की टणटण वाजतं. गेल्या काही दशकांत या चहाची हिरवी, कमी बदललेली, जवळजवळ न भाजलेली तऱ्हा बोकाळली. दिसायला पाचूसारखी, वासाला फुलासारखी. पहिल्या दोन पेल्यांना बरी वाटते, पण त्याच पानावर तिसऱ्यांदा पाणी ओतलं की पोकळ होते आणि रिकाम्या पोटी बोचते. जुन्या पद्धतीचा, सावकाश भाजलेला तिएग्वानयिन तुम्हाला मिळाला तर तोच घ्या. त्याला भाजक्या धान्याचा खमंगपणा असतो आणि मागाहून हळूच एक गोडवा वर येतो. ही जुनी तऱ्हा टिकायला हवी असं मला कळकळीने वाटतं, कारण त्या नावाला कीर्ती मिळवून दिली ती तिनेच.

आता ग्वांगदोंग प्रांत. तिथल्या चाओचौ शहराजवळ फंगह्वांग नावाचा डोंगर आहे, फिनिक्स पक्ष्याचा डोंगर. इथल्या चहाला दानत्सोंग म्हणतात, म्हणजे ‘एकेकटं झाड’. मुळात प्रत्येक उत्तम झाडाचा चहा वेगळा खुडायचे, वेगळा करायचे आणि वेगळा विकायचे. आज कलमं लावून मळे झाले आहेत, पण जाती अजून वासानेच ओळखल्या जातात. आणि इथे आपली भाषा मदतीला येते. इंग्रजी पुस्तकात ‘गार्डेनिया’ वाचून मला काही बोध झाला नव्हता. पण ह्वांग जी श्यांग म्हणजे अनंताच्या फुलाचा वास! ज्याच्या दारात अनंत आहे त्याला आणखी काय सांगायचं? ज्यांग ह्वा श्यांग म्हणजे सोनटक्का. ग्वेई ह्वाचं फूल आपल्याकडे सहसा दिसत नाही, पण ते मोगऱ्या-पारिजातकाच्या कुळातलं. यू लान हे सोनचाफ्याच्या नात्यातलं. मी लान हा ऑर्किडचा वास, वर मधाचा हात फिरवलेला.

यांतलं एकही फूल चहात घातलेलं नसतं, हे मुद्दाम सांगतो. पानाला मार बसल्यावर ते स्वतःच ही सुगंधी द्रव्यं तयार करतं. एका पावसाळी संध्याकाळी मी ह्वांग जी श्यांग केला. वाटीचं झाकण उचललं आणि आतल्या खोलीतून आई म्हणाली, “अरे, या दिवसांत अनंत कुठे फुललाय?” मी ते झाकण तिच्या नाकाशी नेलं. तिने चहा प्यायला नाही, तिला दुधाचाच लागतो. पण झाकण मात्र बराच वेळ हातात धरून बसली.

चाओचौच्या आणखी एका चहाचं नाव आहे या शी श्यांग, म्हणजे बदकाच्या शिटाचा वास. नाव ऐकून नाक मुरडू नका. लोक सांगतात की झाड दुसऱ्यांनी पळवू नये म्हणून मालकानेच हे घाणेरडं नाव ठेवलं. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून आपल्याकडे धोंड्या, दगडू अशी नावं ठेवत, तीच माया. चहा अतिशय सुवासिक असतो.

समुद्रापलीकडे तैवानला फुजियानचीच झाडं आणि फुजियानचीच हातोटी गेली, तिथला पसारा एका वेगळ्या भाषणाचा. एकच सांगतो. तिथला ‘पूर्वेची सुंदरी’ नावाचा ऊलाँग तुडतुड्यांनी चावलेल्या पानांचा करतात. आपला शेतकरी ज्यांच्या नावाने हैराण होतो, त्याच कुळातले हे तुडतुडे. चावा बसला की झाड बचावासाठी काही द्रव्यं सोडतं, आणि चहाला मधाचा वास येतो. म्हणून त्या मळ्यांत कीटकनाशक फवारत नाहीत.

आता करायचा कसा? चाओचौमध्ये इवलंसं भांडं आणि अक्रोडाएवढे तीन पेले असतात. माणसं पाच असली तरी पेले तीनच, आळीपाळीने प्यायचं. आपल्या घरी एक छोटी झाकणाची वाटी पुरे. १०० मिलिलिटरच्या वाटीला ५ ग्रॅम पान. दूध नाही, साखर नाही, आणि कृपा करून आधणात टाकून उकळू नका. पाणी मात्र खळखळून उकळलेलं हवं. पानावर ओता, मनात दहा आकडे मोजा आणि सगळं पाणी दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या. थेंबही मागे ठेवू नका, राहिलेल्या पाण्यात पान कडवट होतं. मग त्याच पानावर पुन्हा पाणी. दर वेळी थोडं जास्त थांबा. चांगला ऊलाँग सहा-सात पाणी सहज देतो. पहिल्यात भट्टी कळते, तिसऱ्यात फूल, पाचव्यात गोडवा.

आणि शेवटचं पाणी झालं की पानं लगेच फेकू नका. एक उचलून पांढऱ्या बशीत, बोटाने अलगद उलगडा. गोळी झालेलं ते पान आता तळहातावर मावेल एवढं मोठं झालेलं असेल. खिडकीशी धरा आणि कड बघा. जोरात भाजलेला चहा असेल तर सगळंच तपकिरी दिसेल. पण जुन्या धाटणीचा तिएग्वानयिन किंवा दानत्सोंग असेल, तर मधे हिरवा आणि काठाला धोतराच्या काठासारखी तांबडी रेघ दिसेल. परडी फिरवणाऱ्याचं मनगट त्या रात्री जिथवर पोचलं, तिथवरच ती रेघ आलेली असते.

नमस्कार.