दगडाला बिलगलेलं तेल

[दृश्य: पहाटेचा अरबी समुद्र, दूरवर प्लॅटफॉर्मची ज्वाळा]

मुंबईच्या पश्चिमेला, भर समुद्रात सुमारे 160 किलोमीटरवर, 1974 साली 'सागर सम्राट' या तेलविहिरी खोदणाऱ्या फलाटानं तेल शोधलं. तेच मुंबई हाय. तेलक्षेत्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जमिनीखालचं काळं तळं येतं. खाली मात्र दगड असतो. इथे मुख्यतः चुनखडक, आणि तेल त्याच्या बारीक छिद्रांत.

चुनखडक चिवट. कच्च्या तेलातल्या काही आम्लांच्या टोकाला ऋणभार असतो, दगडावरच्या कॅल्शियमला धनभार. दोघं एकमेकांना धरतात आणि त्यांच्या आधारानं तेल भिंतीला बिलगून बसतं. तेल ढकलायला पंपानं पाणी सोडलं, तर ते मोकळी वाट पकडून निघून जातं.

[दृश्य: प्रयोगशाळा. काचपात्रात बुडवलेला दगडाचा दंडगोल]

मग साबण लावू या? बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, नुसता साका धरतो. समुद्राच्या पाण्यात त्याची तीच गत. म्हणून रसायनतज्ज्ञ नवे सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं काम करणारे रेणू, घडवतात: पाण्याकडे ओढ असलेलं डोकं, तेलाकडे ओढ असलेली शेपटी, आणि मध्ये खारं पाणी सोसणारे ऑक्सिजनचे दुवे. शेपटीला फाटे फोडले, की रेणू दाटीवाटीनं रचले जात नाहीत आणि द्रावणाचा चिकट गोळा होत नाही.

पण खरी मेख डोक्यात आहे. धनभारित डोकं तेलातल्या आम्लाशी जोडी जमवतं आणि त्याला दगडावरून उचलून नेतं. केसांच्या कंडिशनरमध्ये असतात, त्याच घराण्यातले हे रेणू! मोकळ्या झालेल्या दगडात पाणी आपसूक शिरतं. वाळूखडकात मात्र हाच उपाय अंगलट येतो. तिथल्या क्वार्ट्झवर आणि चिकणमातीवर ऋणभार असतो, त्यामुळे महागडं रसायन दगडच गिळून टाकतो. तिथे ऋण डोक्याचेच रेणू हवेत.

चुनखडकासाठी आणखी एक युक्ती आहे, आपल्या घरातली: धुण्याचा सोडा. तो दगडाचा भारच उलटवतो, मग ऋण डोक्याचे रेणूही फारसे वाया जात नाहीत. फक्त पाणी आधी मृदू करून घ्यावं लागतं, नाहीतर सोडाच कॅल्शियमबरोबर तळाला बसतो.

[दृश्य: दंडगोलाचा क्लोज-अप]

साध्या पाण्यात हा दगड कित्येक दिवस गप्प होता. आता द्रावण बदललंय. वरच्या कडेवर तेलाची कड आत वळतेय, गोल होतेय... आणि सुटली.