बोगद्याच्या तोंडाशी टांगलेला बोर्ड

हा बोर्ड बघा. नुसते खिळे आणि त्यावर नंबर घातलेली टोकनं. आत जाताना प्रत्येकाने आपलं टोकन लावायचं, बाहेर आलं की काढायचं, आणि सुरुंग उडवायच्या आधी बोर्ड रिकामा आहे ना एवढंच बघायचं. आता गंमत अशी की जेवायला बाहेर आलेला एखादा टोकन काढायला विसरतो, दोन-तीन वेळा असं झालं की मग बोर्डवर टोकन दिसलं तरी "असेल विसरला कोणीतरी" म्हणून सोडून देतात, आणि त्या दिवसापासून बोर्ड असून नसल्यासारखा.

ब्लास्टनंतर धूर ओसरलाय. हे दोघं लांब पहारीने छताचा खडक ठोकतायत, कान देऊन. घट्ट खडक खणखणीत वाजतो, सुटलेला दगड पोकळ, बद्द. हा आवाज काही कुठल्या फॉर्मवर लिहिता येत नाही, तो ज्याच्या कानात आहे त्याची शिफ्ट संपली की तो घरी जातो. तसंच ही भोकं बघा, मागच्या ब्लास्टची उरलेली. जुन्या भोकात पुन्हा ड्रिल मारायचं नाही हा नियम सगळ्यांना पाठ असतो, कारण आत न फुटलेली दारू असू शकते. पण रात्रीच्या शिफ्टला शंका आलेलं भोक नेमकं कुठलं, हे सकाळच्या शिफ्टला चालता चालता, मशीनच्या आवाजात, अर्ध्या वाक्यात कळतं. चूक ड्रिल चालवणाऱ्याची ठरते, खरी ती शिफ्ट बदलतानाच्या या दहा मिनिटांत झालेली असते.

भिंतीवर चमकतायत ती मापं घेण्याची प्रिझम. भिंत किती मिलिमीटर सरकली ते यावरून कळतं. मशीनचं काम इथे संपतं, पुढे आकडा बघून काम थांबवायचं कोणी हा प्रश्न असतो. लंडनला हीथ्रो विमानतळाखाली १९९४ मध्ये बोगदे कोसळले तेव्हा जमीन सरकतेय हे आकड्यांत आधीच दिसत होतं. सिंगापूरला २००४ मध्ये, निकोल हायवेजवळ मेट्रोच्या खोदकामात, आकडे मर्यादेबाहेर गेल्यावर नवा हिशोब मांडून मर्यादाच वाढवली होती, आणि शेवटच्या दिवशी तर स्टीलच्या आधारांतून येणारे आवाज कामगारांनी सकाळीच ऐकले होते. दुपारी सगळं खचलं, चौघं गेले.

आता बऱ्याच साइटवर रोज मीटिंग होते, डिझायनर, कॉन्ट्रॅक्टर, सुपरवायझर एका टेबलावर बसून कालचे आकडे बघतात, मग पुढे किती मीटर खोदायचं आणि आधार कुठला द्यायचा याच्या कागदावर सह्या. सही नाही तर खोदकाम नाही. कंटाळवाणी मीटिंग आहे, आम्ही पूर्ण शूट केली, तुम्हाला वीस सेकंदच दाखवतोय.

पुढच्या ब्लास्टची तयारी झालीय. बोर्डवर एक टोकन आहे, अठरा नंबर. सुपरवायझर बॅटरी घेऊन हाका मारत आत निघालाय.