झग्याची इस्त्री आणि काँमधल्या मायलेकी

फादर पहिल्याच रांगेत बसलेत, म्हणून सुरुवात त्यांच्या पांढऱ्या झग्यापासून करते. घाबरू नका फादर, डाग नाहीये.

माझी आई दर शनिवारी चर्चचे कपडे घरी आणायची. आधी नीळ, मग पेजेची खळ, मग कोळशाची इस्त्री. एकदा आईची पाठ वळलेली बघून मी इस्त्री हातात घेतली आणि बाहीवर पिवळाधमक चट्टा उठवला. आई ओरडली नाही. चट्ट्यावर लेस शिवली, आणि नजरेत भरू नये म्हणून दुसऱ्या बाहीलाही शिवली. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, चाललेली आणि मागच्या बाकावर कोपरखळ्या: "अगो, फादरांची नवी फॅशन बघ!" पुढे सण झाला, आभार मानले गेले. बँडवाले, मांडववाले, दिवेवाले आणि शेवटी "व इतर महिला". आईने वीस वर्षं झगे धुतले, ती त्या "व इतर" मध्ये. हसा, हसा. इथे "व इतर" किती बसल्यात ते मला दिसतंय.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. म्हणजे फ्रान्सला धावतच जायला हवं.

नॉर्मंडीतलं काँ शहर. स्तेफानी बिगार आणि तिची मुलगी जान. दोघी प्रापंचिक, मठातल्या नव्हेत. त्याही मिशनांसाठी वेदीची वस्त्रं शिवायच्या. 1889 मध्ये नागासाकीच्या बिशप कुझँ यांचं पत्र आलं: सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, यायला मुलं तयार आहेत, पैसा नाही, परत पाठवावी लागतील. या दोघींनी त्या मुलांच्या शिक्षणासाठी वर्गणी उभी करायला घेतली. त्यातून सेंट पीटर संस्था निघाली. माझा मुद्दा एवढाच, की झगा शिवणं वेगळं आणि तो कोणाच्या अंगावर चढणार यात हात घालणं वेगळं. मिशनांत युरोपातून पाद्री पाठवायचे ते दिवस होते, आणि या बायांनी पैसा लावला तिथल्याच मुलांवर.

1893 मध्ये पोप लिओ तेरावे यांनी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंसाठी पत्र काढलं, श्रीलंकेतल्या कँडीला पेपल, म्हणजे पोपची, सेमिनरी निघाली. 1955 मध्ये ती पुण्याला आली, आपल्या रामवाडीची तीच. मायलेकींमुळे निघाली असं म्हणत नाही हं, पण वारं तेच.

स्तेफानी 1903 मध्ये गेली. जानचं मन आजारी पडलं, काम फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरीच्या सिस्टरांकडे गेलं. 1922 मध्ये पोप पायस अकरावे यांनी संस्थेला पोंटिफिकल, म्हणजे थेट पोपच्या छत्राखालचा, दर्जा दिला. तेव्हा जान हयात होती. ती 1934 मध्ये वारली.

दुसरी चिठ्ठी! प्रश्नोत्तरं रद्द म्हणतायत. जानबद्दल आणखी विचारायचं असेल तर मला चहापाशी गाठा.