मीठ कमी केलं, सोडियमचं काय?

मंडळी, 'आम्ही ताटात वरून मीठ घेत नाही' हे वाक्य किडनीच्या रुग्णांकडून आम्हाला सतत ऐकायला मिळतं. सवय चांगली आहे, मोडू नका. पण पाकिटातून आणि डब्यातून पोटात जाणारं मीठ त्या हिशेबात धरलेलंच नसतं.

निरोगी मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात, त्यातलं 99 टक्क्यांहून जास्त सोडियम (मिठातला एक घटक) रक्तात परत घेतात आणि वरकड तेवढं लघवीवाटे टाकतात. विकार जडला की हे वरकड टाकणं जमेनासं होतं. सोडियम अंगात साठतं आणि पाणी धरून ठेवतं. पाय सुजतात, रक्तदाब चढतो, लघवीतून जास्त प्रथिनं जाऊ लागतात. किडनी जपायला दिलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा गुणही कमी येतो. डायलिसिसवरच्या माणसाला खारट खाऊ घालायचं आणि वर 'पाणी मोजून पी' म्हणायचं, हा तर छळच!

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते, म्हणजे 5 ग्रॅम मिठाच्या आत. पदार्थांमधलं सगळं धरून, बरं का. किडनीच्या बहुतेक रुग्णांनाही साधारण हीच मर्यादा घालतात. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

आता पाकीट उलटं करा. समजा लिहिलंय, 'दर 100 ग्रॅममध्ये सोडियम 800 मिलिग्रॅम'. पाकीट 150 ग्रॅमचं. सगळं फस्त केलं तर 1200 मिलिग्रॅम. याला अडीचने गुणलं की मीठ निघतं: 3 ग्रॅम. दिवसाच्या कोट्यातला निम्म्याहून जास्त भाग एका बैठकीत संपला. काही ठिकाणी आकडा 'एका सर्व्हिंग'चा असतो आणि तेच पाकीट तिघांचं मानलेलं असतं. ते तिघं कोण, कंपनीलाच ठाऊक! ब्रेड, बिस्किटं जिभेला खारट लागत नाहीत, तरी त्यांतही सोडियम असतं.

सगळ्यात जास्त भीती मला वाटते ती 'लो सोडियम' मिठाची. त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. किडनी अशक्त असेल तर पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, जिवावरही बेतू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. गुलाबी किंवा खडे मीठ महाग असलं तरी मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

पहिले काही आठवडे जेवण अळणी लागेल. मग जीभ सरावते. तोवर लिंबू, लसूण, मिरी हाताशी ठेवा.

आणि हो, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांतही बरंच सोडियम असू शकतं, त्यांचंही वेष्टन वाचा. मात्र रक्तातलं आम्ल कमी करायला डॉक्टरांनी सोडा बायकार्बोनेटच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.