दगड कुजतो तेव्हा

(दृश्य : घाटरस्ता, कापलेली दरड)

रस्त्यासाठी डोंगर कापला की त्याच्या पोटातलं सगळं उघडं पडतं. हा दगड बघा, नारळाएवढा, गोल. नखानं खरवडला तर कांद्यासारखा पापुद्रा सुटतो. त्याखाली दुसरा, मग तिसरा. चिमटीत चुरडला की पिवळसर भुगा. गाभ्यावर हातोडी मारली तर मात्र टण्ण वाजतं. आत अजून काळा पाषाणच आहे.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थंड झाला आणि त्याला भेगा पडल्या. पावसाचं पाणी हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्या भेगांत उतरतं आणि किंचित आंबट होतं. तेवढं आम्ल पुरतं. खनिजांची चिकणमाती होते, लोह गंजून तांबूस होतं. कोपऱ्यांना पाणी दोन-तीन बाजूंनी खातं, ते आधी झिजतात, म्हणून दगड गोल. शाळेच्या पुस्तकात हे रासायनिक विदारण. गावात विचाराल तर एकच शब्द : मुरूम.

मुरूम रस्त्याच्या भरावाला चालतो. तो आणखी कुजला की देशावरची काळी माती, कापसाची.

(दृश्य : कोकण, चिरेखाण)

कोकणात पाऊस दांडगा, त्यामुळे खडक पार निथळून निघाला. चुना गेला, सिलिका गेली. लोह आणि अॅल्युमिनियम तेवढं राहिलं. हाच जांभा. खाणीत तो मऊ असतो, तासता येतो. वाऱ्यावर ठेवला की कडक होतो. म्हणजे कोकणातलं चिरेबंदी घर कुजून उरलेल्या खडकाचं, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या उभं!

(दृश्य : पावसातला सह्याद्री)

उतारावर मात्र हाच कुजलेला थर धोक्याचा. खाली टणक पाषाण, वर माती-मुरूम. पाणी वरच्या थरात मुरतं, पाषाणापाशी अडतं. थर जड होतो, आतल्या पाण्याच्या दाबानं त्याची पकड ढिली होते. पाऊस थांबला नाही तर तो एकदम सुटतो.

30 जुलै 2014ची सकाळ. आंबेगाव तालुक्यातलं माळीण. डोंगराची कड घरांवर आली, 151 माणसं गेली. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. नेहमीची एसटी आली, तेव्हा चालकाला समोर गावच दिसेना. ती बातमी त्यानं कळवली.