गादीवाफ्यावरचा पेपर

[पहाट. पाचगणीच्या टेबललँडवरून खाली. धुकं विरतंय, उतारावर चंदेरी पट्टे]

लांबून वाटतं, डोंगरावर कुणी पत्रे अंथरलेत. पाचगणीकडून भिलारच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना हेच. भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचं गाव, पण गावाचं पोट भरतं ते स्ट्रॉबेरीवर. महाबळेश्वरच्या या फळाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि हे चमकतंय तो पत्रा नाही, पेपर आहे. मल्चिंग पेपर. नावापुरता पेपर, कागदाचा त्यात अंशही नाही, निव्वळ पॉलिथिन.

[दोघी बाया रोल उलगडतायत. पेपरचा सळसळाट. आवाज तसाच ठेवावा]

आधी गादीवाफा, म्हणजे मातीचा उंच पट्टा ओढायचा, मधून ठिबकची नळी सोडायची. मग एकीने रोलचं टोक धरायचं, दुसरीने चालत जायचं. दोन्ही कडा मातीत गाडायच्या आणि पायाने दाबायच्या. नाहीतर डोंगरावरचा वारा सगळं उचलून नेतो. काहीजण आधी पेपर, मग रोप लावतात. काहीजण रोप जगल्यावर पेपर अंथरतात आणि भोक पाडून रोप अलगद वर ओढून घेतात. बघा, बोटं कशी चालतात. एकही पान मोडत नाही.

पेपरची वरची बाजू चंदेरी, तिच्यावरून ऊन परावर्तित होतं आणि रसशोषक किडी बिचकतात. खालची काळी, म्हणून तण उगवत नाही. ओल टिकते, खुरपणी वाचते, फळ मातीला टेकत नाही म्हणून सडत नाही. शेतकरी हा पेपर हौसेनं घालत नाही. पूर्वी जगभर हेच काम भाताचा किंवा गव्हाचा पेंढा करायचा. तो कुजायचा आणि त्याचं खत व्हायचं.

[जवळून: दोन बोटांत धरलेला पेपर, पलीकडचा उजेड दिसतोय]

जाडी साधारण २५ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. गादीवाफे दीड-दीड मीटरवर धरले, तर एकरात २,७०० मीटर पेपर जातो. सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंदी धरून वजन होतं ७५ किलोच्या आसपास. हे दर वर्षी. फलोत्पादनाच्या योजनेतून त्याला अनुदान मिळतं. २०१८ ची राज्याची प्लास्टिकबंदी आठवत असेल. भाजीची पिशवी बंद झाली, शेतीचं प्लास्टिक तिच्यातून वगळलं गेलं.

[मे महिना. तेच शेत. पेपर ओढून काढतायत. फाटण्याचा आवाज]

हंगाम संपला. सहा-सात महिने उन्हात राहून पॉलिथिनच्या लांब साखळ्या तुटल्यात, पेपर ठिसूळ झालाय. ओढला की भोकापाशी फाटतो. ज्या कडा एवढ्या निगुतीने गाडल्या होत्या, त्या तिथेच राहतात. वर आला तोही मातीने माखलेला. असा माल भंगारवाला घेत नाही. धुण्याचा खर्च त्याला परवडत नाही. मग बांधावर ढीग. मग काडेपेटी.

[धूर. कॅमेरा ढिगावरून सरकत मातीवर येतो: नखाएवढे, मग तांदळाएवढे चंदेरी तुकडे]

पाच मिलिमीटरहून लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. हे नाव रूढ झालं २००४ पासून, इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या शोधनिबंधानंतर. तेव्हा सगळे समुद्रात शोधत होते. मातीकडे लक्ष गेलं बऱ्याच उशिरा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२१ मध्ये हिशेब मांडला: जगातली शेती आणि पशुपालन वर्षाला सव्वा कोटी टन प्लास्टिक वापरतं.

[गांडूळ, ओल्या मातीत. मग बांधावर कोंबड्या उकरतायत]

गांडूळ माती गिळतं, मातीबरोबर तुकडाही. नेदरलँड्सच्या वागेनिंगेन विद्यापीठातल्या २०१६ च्या प्रयोगात, खाण्यात प्लास्टिकचं प्रमाण खूप वाढवलं तेव्हा गांडुळांची वाढ खुंटली, मरणाऱ्यांची संख्या वाढली. मग मेक्सिकोतली परसबाग. तिथे प्लास्टिकचा कचरा जाळून मातीतच मिसळायची पद्धत होती. २०१७ मध्ये मोजलं तेव्हा एका ग्रॅम मातीत सरासरी एक कणही भरला नाही. गांडुळांच्या विष्ठेत पंधराच्या आसपास भरले. कोंबडीच्या विष्ठेत एकशे तीस. कोंबड्यांच्या पेटीतही, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या पिशवीतही, तुकडे सापडले. त्या भागात कोंबडीची पेटी लोक खातात. आपल्याकडेही ती चवीनं खातातच.

(ही कोंबडी आमच्या चित्रीकरणासाठी आणलेली नाही. ती तिथेच होती.)

[कोंबडी चंदेरी तुकड्यावर चोच मारते. तीन सेकंद शांतता]

माणसाचं थोडक्यात. २०२१, इटली: सहापैकी चार बाळंतिणींच्या वारेत (गर्भाला पोसणाऱ्या अवयवात) कण. २०२२, नेदरलँड्स: बावीसपैकी सतरा जणांच्या रक्तात प्लास्टिक. २०२४, पुन्हा इटली: मानेच्या रक्तवाहिनीतला चरबीचा थर काढलेल्या २५७ रुग्णांपैकी ज्यांच्या थरात प्लास्टिक होतं, त्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका बाकीच्यांच्या साडेचार पट. प्लास्टिकमुळेच, असं त्यातून सिद्ध होत नाही. आणि अंगात जाणारे कण शेतातलेच असतात असंही नाही. टायर, कपडे, बाटल्या सगळे त्यात आहेत.

[जून. पहिला पाऊस. वाफ्यांमधून लाल पाणी]

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. डोंगराच्या एका अंगाचं पाणी कृष्णेतून धोम धरणात जातं, दुसऱ्या अंगाचं वेण्णेतून कण्हेर धरणात. उघड्या पडलेल्या वाफ्यांची माती आधी निघते. मातीबरोबर काय निघतं, ते पडद्यावर दिसतंच आहे.

[सप्टेंबर. ट्रॅक्टरचा रोटर चाललाय. मागे उलटलेल्या मातीत गेल्या वर्षीच्या पेपरचे तुकडे. त्याच वाफ्यावर दोघी बाया नवा रोल उलगडतात. सळसळाट. निवेदन नाही.]