मांजराची तहान आणि आपला उन्हाळा

श्रोतेहो, नमस्कार.

परभणीच्या आमच्या घरी तीन मांजरे आहेत, एक बोका आणि दोन माद्या. मराठवाड्यातल्या घरात मांजर असणे ही काही नवलाई नाही. माळवदाच्या घरांत ज्वारीची बळदे आणि कणग्या असत, तेव्हा उंदरांचा बंदोबस्त करणारे मांजर घरच्या गड्यासारखेच धरले जाई आणि संध्याकाळचा दूध-भाकरीचा काला हा त्याचा मुशारा असे. माणसाची आणि मांजराची ओळखच मुळी धान्यावरून झाली. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात शेती रुजली, साठवलेल्या धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. सायप्रस बेटावर माणसाच्या शेजारी पुरलेले एक मांजर सापडले आहे, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे आहे. हे रानमांजर कोरड्या, निमवाळवंटी मुलखातले होते. तिथली एक सवय त्याने आपल्या घरापर्यंत आणली, ती म्हणजे फार कमी पाणी पिण्याची.

त्याला ही सवय परवडत होती, कारण उंदराच्या किंवा पाखराच्या शरीरात जवळजवळ ७० टक्के पाणीच असते. शिकार पोटात गेली की तहानही बरीचशी भागते. आता आपण त्याच्यापुढे पाकिटातले कोरडे खाद्य ठेवतो, ज्यात पाण्याचा अंश जेमतेम १० टक्के असतो, किंवा भाकरीचा कुस्करा ठेवतो. चार किलो वजनाच्या मांजराला अन्न आणि पाणी मिळून दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागते. अन्न कोरडे असेल, तर ते जवळजवळ सगळे त्याला पिऊन मिळवावे लागते आणि नेमके तेच त्याच्या अंगवळणी नाही. ‘आम्ही वाटीभर दूध देतो की,’ असे पुष्कळ जण सांगतात. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, त्यामुळे हगवण लागली तर अंगातले होते ते पाणीही जाते.

याची किंमत मी स्वतः एका मे महिन्यात मोजली. आमचा बोका दुपारपासून सारखा वाळूच्या घमेल्यात जाऊन बसत होता, कण्हत होता, मागचा भाग चाटत होता. आम्ही ठरवून टाकले की याला बद्धकोष्ठ झाला आहे. घरच्या घरी एरंडेल पाजले आणि रात्र घालवली. सकाळी तो उठेना. डॉक्टरांनी पोटाला हात लावताच सांगितले की मूत्राशय दगडासारखे टणक झाले आहे. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. लघवी दाट झाली की तिच्यात बारीक खडे आणि चिकट गाळ धरतो, त्याने वाट बुजते आणि एक-दोन दिवसांत रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयच बंद पडू शकते. नळी घालून त्याची लघवी मोकळी केली आणि तो वाचला, पण ती रात्र आम्ही फुकट दवडली होती, हे मला आजही खुपते. म्हणून बोका वारंवार जोर करतो आहे आणि वाळू ओली होत नाही, एवढे दिसले तरी सकाळची वाट पाहू नये. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वचिकित्सालय आहे. त्यांचे दूरध्वनी क्रमांक आणि वेळा आधीच लिहून ठेवाव्यात, कारण असे प्रसंग बहुधा रात्रीच येतात. घमेल्यातली वाळू रोज चाळली, तर ओले गोळे किती आणि केवढे हे आपोआप कळते. काम ओंगळ आहे खरे, परंतु मांजर दुखणे लपवते आणि वाळू ते लपवू देत नाही.

पाणी प्यायला लावण्याच्या युक्त्या साध्याच आहेत. खोल पेल्यात मिशा कडांना घासतात, ते अनेक मांजरांना आवडत नाही, म्हणून पसरट भांडे घ्यावे. आम्ही कुंभाराकडून मातीची परळे आणली. त्यांत पाणी गार राहते, शिवाय स्टीलसारखी ती दुपारी तापत नाहीत. परळ जेवणाच्या ताटलीजवळ नको, वाळूजवळ तर मुळीच नको. ओसरीत एक, माजघरात एक, असे दोन-तीन जागी ठेवावे आणि पाणी रोज बदलावे. कोंबडी नुसत्या पाण्यात शिजवून, हाडे काढून, त्या पाण्यासकट दिली की अर्धे काम होते. मात्र त्यात कांदा-लसूण पडता कामा नये, ते मांजराच्या रक्तपेशी नष्ट करतात. माळकऱ्यांच्या घरी हा प्रश्न अवघड होतो, हे मी जाणतो. पण माळ आपल्या गळ्यात आहे, मांजराच्या नाही. डोळे आणि हृदय शाबूत राहायला त्याला टॉरिन हे द्रव्य लागते आणि ते वरण-भातातून मिळत नाही. अशा घरांनी निदान मांजरांसाठीचे तयार ओले खाद्य तरी आणावे.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर गेला की पत्र्याच्या खोलीत मांजर कोंडून ठेवू नये. कुत्र्यासारखे तोंड उघडून धापा टाकणे मांजराच्या बाबतीत साधे लक्षण नाही. अंग साध्या पाण्याने भिजवावे, पंख्याखाली ठेवावे, बर्फ लावू नये आणि लगेच दवाखाना गाठावा. एरवी हाताला मांजर गरम लागले म्हणून घाबरू नये, त्याचे नेहमीचे तापमानच ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते. या गैरसमजातून ताप उतरवायला पॅरासिटामॉल दिले जाते. आपली एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण तिचे विष निकामी करण्याची ताकद त्याच्या यकृतात जवळजवळ नसते. शेळ्या-गुरांच्या गोचिडांवर मारायची औषधेही त्याच्या अंगाला लावू नयेत. आणि हौदावर झाकण ठेवावे, तहानलेली पिल्ले त्यात पडतात.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, असा आपला मुलूख. टँकरच्या दिवसांत मांजरासाठी वेगळे पाणी मागणे काहींना चैन वाटेल, तरी तीन परळांचे मिळून पाणी दोन तांब्यांपेक्षा अधिक नसते आणि बदललेले पाणी तुळशीला जाते. आमचा बोका मात्र आता ती परळे हुंगून पुढे जातो. न्हाणीघराच्या नळाखाली बसतो आणि टपकणारा थेंब जिभेवर झेलतो. वाहते पाणी बऱ्याच मांजरांना आवडते. आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो, त्यामुळे त्याच्यासाठी एक जुना माठ तिवईवर चढवला आहे, त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून वात बसवली आहे आणि खाली बादली ठेवली आहे.